मिशिगन–ओहायो स्टेट : भाकिताचा हिशेब कसा घडत गेला

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या मिशिगनविरुद्धच्या वार्षिक लढतीत २०२४ च्या नोव्हेंबरअखेर ओहायो स्टेट स्वतःच्या मैदानावर जवळपास २० गुणांनी फेव्हरिट होतं आणि १३–१० ने हरलं. वर्षभराने तोच संघ पुन्हा फेव्हरिट म्हणून मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरला गेला आणि २७–९ ने जिंकून आला. पहिल्या निकालानंतर ‘या लढतीत फॉर्मबिर्म काही चालत नाही’ हे वाक्य सगळीकडे ऐकू आलं. दुसऱ्यानंतर कुणाला काही म्हणावंसं वाटलं नाही. अंदाज फसला की लढतीचा महिमा आणि जमला की त्यात काय विशेष, असा हा सोयीचा हिशेब आहे, आणि तो आजचा नाही.

दोन राज्यांचं वैर, बँडच्या परंपरा, एकमेकांचं नावही न घेण्याचा हट्ट हे सगळं वाचकांना ठाऊक असेलच. कोलंबस (ओहायो स्टेटचं गाव) किंवा ॲन आर्बरला शिकून आलेल्या कुणाच्याही तोंडून ते एकदा तरी ऐकलेलं असतं. इथे प्रश्न एवढाच की शनिवारच्या सामन्याआधी ‘अमुक संघ इतक्या गुणांनी’ असं जे म्हटलं जातं ते आलं कुठून, आणि मधल्या काळात भरकटलं कसं.

सुरुवातीचा काळ भरभर उरकता येतो. पहिली लढत १८९७ ची, ३४–० मिशिगन. १९१८ पासून ती दरवर्षी होत आली, २०२० चा कोविडचा अपवाद सोडून, आणि १९३५ पासून जवळपास नेहमीच नियमित हंगामाच्या शेवटी. संघांना आकड्यात मोजण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकात रुजले. इलिनॉय विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाने १९२६ मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात तगड्या संघावरच्या विजयाला ३० गुण, कमकुवत संघावरच्या विजयाला २०. किती फरकाने जिंकलात याला काडीची किंमत नाही. तीनच वर्षांनी दुसरी एक पद्धत आली, तिचा भर नेमका फरकावर. दोन संघांच्या आकड्यांची वजाबाकी केली की अपेक्षित अंतर मिळायचं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जो वाद चालला तो या दोन पद्धतींमध्येच पूर्ण सामावलेला होता. वार्ताहरांच्या मतांवरची क्रमवारी १९३६ पासून नियमित निघू लागली, प्रशिक्षकांची १९५० पासून. गुणांच्या अंतरावर पैज लावण्याची रीत १९४० च्या दशकात पसरली. तिचं श्रेय शिकागोतल्या एका माजी गणित शिक्षकाला देतात. त्याआधी तीनास एक, पाचास एक असे नुसते भाव असत, आणि एकतर्फी सामन्यावर पैसे लावायला कुणी तयार नसे. अंतर आलं आणि प्रत्येक सामना निदान कागदावर तरी बरोबरीचा झाला.

अंतराचं संभाव्यतेत रूपांतर कसं होतं हे एकदा नीट पाहून ठेवावं, कारण पुढची सगळी गफलत तिथूनच सुरू होते. कॉलेज फुटबॉलमध्ये अपेक्षित अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांच्यातल्या फरकाचं प्रमाण विचलन (निकाल अंदाजापासून साधारण किती हलतात त्याचं माप) १६ गुणांच्या आसपास धरतात. त्या मापाने ३ गुणांचा फेव्हरिट शंभरात सुमारे ५७ वेळा जिंकतो, ७ गुणांचा ६७ वेळा, १४ गुणांचा ८१ वेळा, २० गुणांचा ८९ वेळा. म्हणजे २० गुणांनी मागे धरलेला संघही साधारण नऊ-दहा सामन्यांत एकदा जिंकायलाच हवा. न जिंकला तर ती लाइनच (पैजेसाठी ठरवलेलं अंतरच) चुकीची.

हे माप जुन्या निकालांना लावून पाहा. १९६९ मध्ये ओहायो स्टेट गतविजेतं होतं, सलग २२ सामने जिंकून आलेलं, आदल्या वर्षी याच लढतीत ५०–१४ ने जिंकलेलं, आणि १७ गुणांनी फेव्हरिट. मिशिगनने २४–१२ ने हरवलं, तेही पहिल्या अर्ध्यातच सगळे २४ गुण करून. सतरा गुणांना १६ ने भागलं की पराभवाची शक्यता निघते सातात एक. फाशाचा हवा तो आकडा पडण्याच्या जवळपास. त्यात मिशिगनने त्या दिवशी सहा इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्याचे सहा पास मधेच पकडले. इतके चेंडू हातचे गेले तर कुठल्याही मोसमात, कुठल्याही संघाविरुद्ध फेव्हरिट बुडतो. त्यासाठी वैर लागत नाही. १९५० चा हिमवादळातला सामना आणखी टोकाचा. मिशिगनला पूर्ण सामन्यात एकही फर्स्ट डाउन (चार डाउनमध्ये, म्हणजे प्रयत्नांत, १० यार्ड पुढे सरकणं) मिळाला नाही, त्यांनी २४ वेळा पंट केला (चेंडू लाथेने समोरच्याकडे लांब धाडला), आणि तरी ९–३ ने जिंकले: एक पंट अडवून टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, ६ गुण), एक अडवून सेफ्टी (२ गुण). पहिल्याच डाउनला चेंडू लाथाडून मोकळं व्हायचं आणि समोरच्याने घसरायची वाट पाहायची, हेच तेव्हा शहाणपण ठरलं. अशा दिवशी रेटिंगचा (संघाच्या बळाच्या आकड्याचा) उपयोग शून्य. उपयोग फक्त हवामानाच्या अंदाजाचा, आणि त्यातही थंडी-बर्फापेक्षा वाऱ्याचा. ताशी १५–२० मैलांच्या वर वारा गेला की लांब पास आणि फील्ड गोल (खांबांमधून लाथाडलेला चेंडू, ३ गुण) दोन्ही कोसळतात, एकूण गुण घटतात, आणि कमी गुणांच्या सामन्यात त्याच ७ गुणांच्या आघाडीची किंमत वाढते.

आता गाभ्याकडे. या लढतीच्या इतिहासात ‘कोण जास्त लायक’ आणि ‘कोण जिंकेल’ हे दोन प्रश्न सतत एकमेकांच्या जागी उभे केले गेले. १९७३ हे त्याचं ठळक उदाहरण. दोघेही अपराजित, सामना १०–१० बरोबरीत, आणि ओव्हरटाइमची सोय तेव्हा नव्हती. ती या पातळीवर नियमित हंगामात १९९६ ला आली. रोझ बोलला (हंगामानंतरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्याला) कुणाला पाठवायचं हे परिषदेतल्या (दोघे ज्या गटात खेळतात त्या बिग टेनमधल्या) दहा विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांच्या मतदानाने ठरायचं होतं. ओहायो स्टेट आदल्याच वर्षी जाऊन आलेलं, त्यामुळे मिशिगनची निवड झालीच असं बहुतेकांनी धरलं. पण सामन्याच्या शेवटाकडे मिशिगनच्या क्वार्टरबॅकचं (चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्याचं) गळपट्टीचं हाड मोडलं, आणि मतं ओहायो स्टेटकडे गेली. म्हणजे हंगामाचं बक्षीस वाटायला बसलेल्या मंडळींनी प्रत्यक्षात पुढच्या सामन्याचं भाकीत केलं. ओहायो स्टेटने रोझ बोल ४२–२१ ने जिंकला, तेव्हा भाकीत खरं ठरलं. न्याय झाला का, हा प्रश्न मिशिगनवाले अजून विचारतात आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

२००२ मध्ये नेमका उलटा प्रकार झाला. त्याचे परिणाम जास्त खोल आहेत आणि चर्चा कमी होते, म्हणून इथे जरा थांबू.

१९९८ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी दोन संघ निवडायला एक संयुक्त सूत्र वापरलं जाऊ लागलं: दोन मतदानं, काही संगणकीय क्रमवाऱ्या, प्रतिस्पर्ध्यांचं बळ वगैरे. संगणकीय क्रमवाऱ्या वेगवेगळ्या लोकांच्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक विजयाचं अंतर कमी-अधिक धरायच्या. टीका अशी की यामुळे प्रशिक्षक गुणफलक फुगवतात. ४५–१० झालं तरी शेवटच्या मिनिटाला पहिल्या फळीचे खेळाडू मैदानावर ठेवतात. आक्षेप खरा होता. २००१ च्या हंगामापासून अंतराचं वजन कमी करायला सुरुवात झाली.

मग २००१ चाच नोव्हेंबर उजाडला. नेब्रास्का ११–० होतं, म्हणजे अकरा विजय, पराभव शून्य. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, त्यांच्याही ठरलेल्या वार्षिक लढतीत, कोलोराडोने त्यांना ६२–३६ ने तुडवलं. परिषदेच्या अंतिम सामन्यालाही ते पोचले नाहीत. दोन्ही मतदानांत ते चौथे. तरीही एकत्रित सूत्रात अवघ्या ०.०५ च्या फरकाने कोलोराडोच्या पुढे दुसरे आले, आणि अजिंक्यपदाच्या सामन्यात मियामीकडून ३७–१४ ने हरले. मतदारांच्या मते दुसरं असलेलं ओरेगन दुसऱ्या एका बोलमध्ये कोलोराडोला ३८–१६ ने हरवून मोकळं झालं. सगळा राग यंत्रांवर निघाला.

पुढच्या हंगामासाठी आदेश आला: सूत्रात राहायचं असेल तर विजयाचं अंतर पूर्ण काढून टाका. फक्त कोण जिंकलं, कोणाविरुद्ध, कुठे. काहींनी ऐकलं, काही बाहेर पडले. एका जुन्या पद्धतीच्या कर्त्याने मध्यम मार्ग काढला. सूत्रासाठी विजय-पराजयावरची एक यादी द्यायची आणि भाकितासाठी गुणफरकावरची दुसरी यादी शेजारीच छापायची. दोन याद्यांतला फरक दर आठवड्याला कुणालाही दिसत होता, आणि भाकितासाठी दुसरीच पाहा असं तो कर्ताच सांगत होता. अधिकृत निवडीत मात्र पहिलीच जात होती.

गंमत अशी की ज्या निकालाने हे सगळं पेटलं तो ६२–३६ चा पराभव अंतराशिवायच्या पद्धतीला ३७–३६ सारखाच दिसतो. उदाहरणादाखल अशा एका पद्धतीचा पाया पाहू: विजयांत १ मिळवा, सामन्यांत २ मिळवा, भागाकार करा. ११–१ च्या संघाला १२ भागिले १४, म्हणजे ०.८५७. मग प्रतिस्पर्ध्यांच्या बळाप्रमाणे दुरुस्ती. सव्वीस गुणांनी चिरडला गेलेला आणि शेवटच्या किकवर एका गुणाने हरलेला संघ यात तसूभरही वेगळे नाहीत. नेब्रास्काचं कोडं सोडवायला आलेल्या नियमाने त्या कोड्यातली सर्वांत बोलकी माहितीच पुसून टाकली.

बंदीच्या बाजूने जे बोललं जातं तेही ऐकून घ्यायला हवं. लायकी ठरवताना ‘जिंकलास, बास’ ही कसोटी स्वच्छ आहे, आणि खेळाडूंना समोरच्याची फजिती करण्याचं कारण उरत नाही. पण त्यासाठी आकडा पूर्ण पुसायची गरज नव्हती. चौथ्या टचडाउनच्या पुढचं अंतर मोजू नका, किंवा अंतर वाढेल तसं त्याचं वजन घटवत न्या. गुणफलक फुगवण्यातला फायदा तिथेच संपतो आणि माहितीही शिल्लक राहते. हे उपाय तेव्हाही माहीत होते. निर्णय अचूकतेच्या निकषावर झाला नाही, शोभेच्या निकषावर झाला, असंच म्हणावं लागतं.

याचा आपल्या लढतीशी संबंध सरळ आहे. २००६, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी दोन्ही संघ ११–० होऊन समोरासमोर आले. अशा वेळी विजय-पराजयाच्या पद्धतीकडे सांगण्यासारखं फार थोडं उरतं. दोघांच्या रकान्यात अकराच विजय, वेगळे काढायचे तर फक्त प्रतिस्पर्ध्यांच्या यादीवरून, आणि एकाच परिषदेतल्या संघांच्या याद्या निम्म्याहून जास्त सारख्या. भाकिताची गरज जिथे सर्वांत जास्त तिथेच ही पद्धत मुकी होते. २००६ ला पहिला विरुद्ध दुसरा असा सामना झाला, ओहायो स्टेट ४२–३९. पुढचे दोन आठवडे पुन्हा हीच लढत लावायची का यावर वाद झाला. मिशिगन दुसऱ्या जागी टिकून होतं, वर यूएससी सरकलं, ते आपल्या गावातल्या लढतीत यूसीएलएकडून १३–९ ने हरलं, आणि शेवटच्या मतदानात फ्लोरिडा पुढे गेलं. फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१–१४ ने धुतलं, मिशिगन रोझ बोलमध्ये ३२–१८ ने हरलं. इथेही पुन्हा तेच: मतदारांनी ‘लायक कोण’ म्हणून मत दिलं आणि नंतरच्या निकालांनी ‘बळकट कोण’ म्हणून ते योग्य ठरवलं.

आणखी एक तपशील नोंदवण्यासारखा. या यंत्रांपैकी बहुतेकांची सूत्रं गुप्त होती. २०१० च्या अंतिम यादीत एका पद्धतीत खालच्या विभागातल्या एका सामन्याचा निकाल भरायचा राहिला होता, आणि त्यामुळे एलएसयू व बॉयझी स्टेट यांच्या जागा उलट्या झाल्या. चूक बाहेरच्या माणसाला सापडली ती केवळ ती एकच पद्धत पूर्ण उघड छापलेली होती म्हणून. बाकीच्यांत काय राहून गेलं असेल ते कुणी तपासूच शकत नव्हतं. २०१४ पासून निवड समितीकडे गेली, यंत्रं सूत्रातून सुटली, आणि अंतर मोजायला मोकळी झाली. भाकिताच्या दृष्टीने ही सुटकाच.

आजची अंतरावर आधारलेली रेटिंग कशी निघते? कणा सोपा आहे. संघाचं सरासरी अंतर घ्यायचं, त्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी मिळवायची. प्रतिस्पर्ध्यांची रेटिंगही तशीच निघत असल्यामुळे गणित पुन्हा पुन्हा फिरवायचं. आकडे हलायचे थांबले की झालं. समजा एका संघाचं सरासरी अंतर अधिक २४ आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी अधिक ४, तर रेटिंग २८. दुसऱ्याचं अंतर अधिक १८ पण प्रतिस्पर्धी अधिक ९, तर २७. फरक १. घरचं मैदान पूर्वी सरसकट ३ गुणांचं धरत, हल्ली अडीचच्या आसपास धरतात. पहिला संघ घरी असेल तर साडेतीन, बाहेर असेल तर दीड गुणाने मागे.

बिघडतं ते पुढच्या जागी. सप्टेंबरातले ६०–० चे सामने तसेच घेतले तर सरासरी फुगते, म्हणून २४ ते २८ गुणांची मर्यादा घालतात. खालच्या विभागातल्या प्रतिस्पर्ध्यांना स्वतंत्र रेटिंग द्यायला पुरेसा विदा नसतो. त्यांचा एकच गट धरणं बरं. सर्वांत मोठी अडचण नमुन्याची. नोव्हेंबरअखेर हातात अकरा सामने असतात. एका सामन्याचं विचलन १६, तर अकरांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १६ भागिले ११ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ४.८ गुण. दोन संघांच्या वजाबाकीत ती पावणेसातपर्यंत जाते. म्हणूनच हंगामापूर्वीचा अंदाज (भरती झालेल्या खेळाडूंचा दर्जा, परत आलेले अनुभवी खेळाडू, आधीच्या दोन-तीन वर्षांची रेटिंग) नोव्हेंबरातही पूर्ण टाकून देत नाहीत. त्याचं वजन घटवत नेतात, शून्य करत नाहीत. हे न करणाऱ्यांचा अंदाज दर शनिवारी उड्या मारतो.

या चुकीचा नमुना म्हणजे २०१८. ओहायो स्टेटने ऑक्टोबरात पर्ड्यूकडून ४९–२० असा मार खाल्ला होता आणि आदल्याच आठवड्यात मेरीलँडला ओव्हरटाइममध्ये कसंबसं ५२–५१ ने हरवलं होतं. मिशिगन चौथ्या क्रमांकावर, बचाव देशात वरच्या रांगेतला, आणि कोलंबसला जाऊन साधारण ४ गुणांनी फेव्हरिट. निकाल ६२–३९, ओहायो स्टेट. त्या दोन सामन्यांना नको इतकं वजन गेलं होतं हे एक. दुसरं म्हणजे रेटिंगच्या सरासरीत न दिसणारी जोडी. मिशिगनचा बचाव माणसास माणूस लावून खेळायचा, आणि ओहायो स्टेटचे वेगवान रिसीव्हर (पास झेलणारे) मैदान आडवं कापत पळायचे. माग काढणारा बचावपटू गर्दीत अडकला की पुढे मोकळं रान. क्वार्टरबॅकने ६ टचडाउन पास टाकले. दोन्ही संघांचे हंगामी आकडे खरेच होते. एकमेकांसमोर ते कसे बसतील हे त्यांत लिहिलेलं नव्हतं.

२०२२ उलट्या प्रकारचा. मिशिगन कोलंबसला ४५–२३ ने जिंकलं. एकूण ५३० यार्ड, पण त्यातले ३४९ फक्त पाच डावांत (डाव म्हणजे इथे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न): ६९, ७५ आणि ४५ यार्डांचे पास, ७५ आणि ८५ यार्डांच्या धावा. यशाचा दर नावाचं एक माप इथे कामी येतं. पहिल्या डाउनला गरजेच्या निम्मे यार्ड मिळाले, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, तर तो डाव यशस्वी. या मापाने तो विजय गुणफलकावर दिसतो तितका एकतर्फी नव्हता. यशाचा दर एका सामन्यातून पुढच्या सामन्यात बऱ्यापैकी टिकतो. लांब धावा तितक्या टिकत नाहीत, आणि सुटलेला चेंडू कुणाच्या हाती पडेल हे तर जवळजवळ नाणेफेकच. म्हणून आताच्या चांगल्या पद्धती नुसता गुणफरक न घेता डाव-डाव मोजतात, निकाल लागून गेल्यानंतरचा वेळकाढू खेळ वगळतात आणि टर्नओव्हरमधला (चेंडू समोरच्याच्या हाती जाण्यातला) नशिबाचा वाटा कापतात. आधी बंदी घातलेलं अंतर परत आलं आणि लगेच त्याच्याही पुढे जावं लागलं.

मग २०२४ च्या निकालाचं काय? मिशिगन ६–५, ओहायो स्टेट १०–१. मिशिगनचे दोन मोठे खेळाडू बाहेर. त्यांना हवेतून अवघे ६२ यार्ड मिळाले. वाचवलं ते बचावाच्या मधल्या फळीने. ओहायो स्टेट आतूनच धावत राहिलं आणि पूर्ण सामन्यात धावून ७७ यार्डांवर अडकलं. चाळीस यार्डांच्या आतले दोन फील्ड गोल हुकले, दोन इंटरसेप्शन गेले, आणि पाऊण मिनिट उरलं असताना २१ यार्डांवरून मिशिगनचा फील्ड गोल. प्रत्येक तुकडा ओळखीचा आहे. आधीपासून दिसू शकणारी गोष्ट एकच होती, मिशिगनच्या बचावाची मधली फळी; बाकीचं त्या नऊ-दहातल्या एका दिवसाचं.

‘वैराच्या सामन्यात काहीही होऊ शकतं’ या समजुतीला आकड्यांचा आधार शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. १९८८ ते २००० या तेरा वर्षांत ओहायो स्टेट फक्त दोनदा जिंकलं, एकदा बरोबरी. त्यात १९९५ आणि १९९६ ला ते दुसऱ्या क्रमांकावर असताना हरले. २००१ ते २०१९ च्या १९ सामन्यांत मैदानावर १७ वेळा ओहायो स्टेट (त्यातला २०१० चा विजय पुढे नोंदीतून काढला गेला). मग २०२१ ते २०२४ सलग चार मिशिगन. काहीही होत असतं तर अशा लांब साखळ्या कमी दिसल्या असत्या. साखळीचं ओझं मनावर येतं म्हणतात, पण दर चार-पाच वर्षांनी खेळाडूंची पिढी बदलते, आणि २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाल्यावर त्याहूनही लवकर. वैरासाठी वेगळा गुणांक लावायचा झाला तर त्याच्या पुराव्यासाठी शेकडो सामने हवेत. एका लढतीत तितके नाहीत, आणि १९५० चा पंट-महोत्सव आणि आजचा खेळ एका रकान्यात बसत नाहीत. गेल्या काही वर्षांचा गुणफलक चाळून लावलेला अंदाज म्हणूनच सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत पोकळ.

बाजार मात्र या काळात बदलला. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पैजांवरची केंद्रीय बंदी रद्द केली. मिशिगनमध्ये पैजा २०२० ला सुरू झाल्या, ऑनलाइन २०२१ ला. ओहायोत १ जानेवारी २०२३ ला. पैसा वाढला तशी किकऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, क्षणाची लाइन आणखी धारदार झाली, आणि तिला सातत्याने हरवणं कठीण. नेहमीच्या ११० ला १०० (१०० जिंकायला ११० लावायचे) या भावात नुसतं बरोबरीत राहायलाच १०० पैकी ५२.४ अंदाज बरोबर यावे लागतात. स्वतःचं रेटिंग बाजारापेक्षा ५ गुणांनी वेगळं निघालं तर आधी आपल्याकडून कुठली दुखापत सुटली ते शोधावं. पहिल्या फळीचा क्वार्टरबॅक बसला तर लाइन ४ ते ७ गुण हलते, कधी जास्तही. इतर बहुतेक जागांना एक गुणही मिळत नाही.

दुखापतींची माहिती पूर्वी कुजबुजीवर चालायची. २०२३ पासून परिषदेने सामन्याच्या दोन तास आधी उपलब्ध खेळाडूंची यादी देणं सक्तीचं केलं. त्याच वर्षी मिशिगनच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रतिस्पर्ध्यांचे मैदानाबाहेरून दिले जाणारे इशारे चोरल्याच्या प्रकरणात नियमित हंगामाचे शेवटचे तीन सामने बसवलं गेलं, त्यात ओहायो स्टेटविरुद्धचाही होता. मिशिगन ३०–२४ ने जिंकलं, घरच्या लाइनला साजेसं. इशाऱ्यांचा फायदा किती गुणांचा होता यावर दोन्हीकडचे लोक छातीठोक बोलतात. तीन सामन्यांच्या पुराव्यावर कुठलाच आकडा टिकत नाही. २०२४ ला इशाऱ्यांऐवजी हेल्मेटमध्ये रेडिओ आल्यावर तो प्रश्नच बाजूला पडला.

नियमांतला एक बदल भाकितासाठी जास्त महत्त्वाचा, तरी त्याची दखल कमी घेतली गेली. २०२३ पासून फर्स्ट डाउननंतर घड्याळ थांबत नाही, प्रत्येक अर्ध्यातली शेवटची दोन मिनिटं सोडून. डाव कमी झाले. डाव कमी म्हणजे बळकट संघाला आपलं बळ दाखवायला संधी कमी, आणि एखाद्या हुकलेल्या फील्ड गोलचं वजन जास्त. जुन्या हंगामांवर बसवलेलं गणित तसंच चालवलं तर मोठ्या फेव्हरिटच्या बाजूने ते किंचित जास्त बोलतं. १३–१० सारख्या सामन्यात हे स्पष्ट दिसतं.

दुसरा बदल १२ संघांच्या प्लेऑफचा (अजिंक्यपदासाठीच्या बाद फेरीचा), २०२४ पासून. याच लढतीत हरलेलं ओहायो स्टेट त्या हंगामात पुढे चार सामने जिंकून अजिंक्य झालं, शेवटी नोत्र दामवर ३४–२३. त्यामुळे ‘हरलात तर संपलं’ ही जुनी धारणा गेली, आणि तिच्याबरोबर एक नवा प्रश्न आला: दोन्ही संघांची पुढची जागा नक्की असेल तर दुखरा घोटा घेऊन खेळणाऱ्याला उतरवतील का? शनिवारी दुपारी सामना असेल तर सकाळीच यादी हातात पडते. ती वाचायची, वाऱ्याचा वेग बघायचा, क्वार्टरबॅकसाठीची वजाबाकी करायची, आणि मग आपल्या आकड्याची बाजाराच्या शेवटच्या लाइनशी सरासरी काढायची. निम्मं-निम्मं धरलं तरी बाजाराचं वजन कमीच पडतं. बहुतेक जुने आकडेवाले त्याला दोन तृतीयांशाच्या वर देतात.